एकटं नॅट, समोर सहा सेबर: सेखोंच्या लढाईबद्दल नेमकं काय लिहावं?

रानपाखरू:
फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों, श्रीनगर, १४ डिसेंबर १९७१. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी टिपण करायचंय. जिथे पाहावं तिथे आपल्या छोट्या नॅट लढाऊ विमानातून पाकिस्तानच्या सहा सेबर लढाऊ विमानांशी "एकट्याने झुंज दिली" एवढंच. जोडीतलं दुसरं विमान कुठे गेलं? तोफा किती वेळ पुरायच्या? आणि किती विमानं "पाडली" म्हणायचं?

ध्रुवतारा:
हवाई दलाच्या १८ स्क्वाड्रनची (तुकडीची) दोन नॅट सज्ज होती. पुढचं फ्लाइट लेफ्टनंट घुम्मण यांचं, मागचं सेखोंचं. खोऱ्याभोवती डोंगर, त्यामुळे खालून येणारी विमानं रडारवर दिसत नाहीत. भिस्त टेकड्यांवरच्या निरीक्षण चौक्यांवर, म्हणजे इशारा मिळाला की हातात मिनिटंच. घुम्मण उडाले आणि त्यांच्या विमानाने उठवलेल्या धुळीत धावपट्टी दिसेना. सेखोंना थांबावंच लागलं. धूळ बसेपर्यंत सेबर डोक्यावर आली होती: चार बॉम्बवाली, दोन त्यांच्या संरक्षणाला. हल्ला चालू असतानाच सेखोंनी उड्डाण केलं. धावपट्टीवरच्या विमानाला ना वेग असतो ना वळायला जागा. सगळ्यात धोक्याचा क्षण तोच, आणि टिपणात सगळ्यात जास्त जागा त्यालाच द्या. तोवर घुम्मण यांना सेखों दिसेनासे झाले होते, ते पुन्हा दिसलेच नाहीत.

लोहपंख:
तोफांचं सांगतो. नॅटला ३० मिमीच्या दोन एडन तोफा, प्रत्येकीला ११५ गोळे. मिनिटाला १२०० धरले तरी सेकंदाला वीस, म्हणजे घोडा दाबून धरला तर सहा सेकंदांच्या आत पेटी रिकामी. म्हणून अर्ध्या-एक सेकंदाचेच फटके मारायचे. वर ही तोफ मधेच अडकायची, नॅटचं ते जुनं दुखणं. सेबरकडे १२.७ मिमीच्या सहा मशीनगन: गोळी लहान, पण फवारा दाट.

नॅटचं वजन तीन टनांच्या आसपास, इंजिनाचा जोर साधारण दोन टन. त्यामुळे वळताना गेलेला वेग ते सेबरपेक्षा लवकर भरून काढतं. एकास एक लढाईत हे पुरतं. पण नेम धरायचा तर समोरच्याच्या मागे काही क्षण स्थिर राहावं लागतं, आणि तेवढ्यात दुसरं सेबर तुमच्या शेपटीमागे येतं. झाडांच्या उंचीवर सूर मारून सुटायलाही जागा नसते.

ध्रुवतारा:
"पाडली" लिहू नका. सेखोंच्या परमवीरचक्राच्या मानपत्रात एका सेबरवर अचूक मारा केला आणि दुसऱ्याला आग लावली असं आहे, तेच शब्द ठेवा. पाकिस्तानने त्या दिवशी सेबर गमावल्याचं मान्य केलेलं नाही. मोठ्या आकड्याने सेखों मोठे होत नाहीत. पहिल्या दोघांना सोडवायला बाकीची सेबर आल्यावरही ते लढत राहिले, ते लिहा. विमानाचे अवशेष दरीत मिळाले, देह मिळाला नाही.

कासारवाट:
परमवीरचक्राचं चित्र काढणार असाल तर फीत सलग जांभळी, पट्टे नकोत. बरेच जण तिथेच चुकतात. कांस्यपदक, व्यास साधारण साडेतीन सेंमी, मधे राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रं. रचना सावित्रीबाई खानोलकरांची: जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी घरच्या. आणि हवाई दलाला आजवर मिळालेलं परमवीरचक्र हे एकच, तेही ठळक लिहा.