समुद्रातील पवनचक्क्यांच्या मधल्या पाण्यात शेवाळाची शेती : अरबी समुद्रात जमेल का? जाणकारांची मदत हवी आहे

नमस्कार.

वर्सोव्यातील आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेसाठी मी एक टिपण तयार करत असून त्याच्या तांत्रिक भागासाठी मला मदत हवी आहे. गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यांसमोर समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॉटचे पवनऊर्जा प्रकल्प उभारण्याच्या ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्र त्यात नाही. पण गुजरातचा प्रकल्प जिथे योजला आहे त्या पिपावाव बंदरासमोर जे नियम ठरतील तेच पुढे आपल्या किनाऱ्यालाही लागू होतील असे मला वाटते, आणि म्हणूनच चक्क्या उभ्या राहण्याआधी त्यांच्या मधल्या पाण्यावर मच्छीमाराचा काय हक्क राहील हे मांडणे आवश्यक आहे.

नेदरलँड्सच्या किनाऱ्यापासून सुमारे १८ किलोमीटरवर, ‘हॉलंड्स कुस्ट झाउद’ या पवनऊर्जा प्रकल्पातील चक्क्यांच्या मधल्या जागेत, शेवाळाचे शेत उभारण्यात आले आहे. तेथे शुगर केल्प वाढवतात. हे शेवाळ थंड पाण्याचे आहे. मुंबईसमोरच्या समुद्राचे तापमान हिवाळ्यातही २० अंशांखाली जात नाही, त्यामुळे ती जात आपल्याकडे टिकणार नाही. शिवाय त्या शेताला ॲमेझॉनने निधी दिला होता, त्यामुळे केवळ शेवाळाच्या विक्रीवर असे शेत चालते हे त्यातून सिद्ध होत नाही.

आपल्या देशातील अनुभव तमिळनाडूच्या मंडपम परिसरातील आहे. तेथे बचत गटांतील महिला बांबूच्या तराफ्यांवर कॅपाफायकस हे शेवाळ लावतात आणि साधारण ४५ दिवसांत काढणी करतात. मात्र ते पाणी उथळ आणि तुलनेने शांत आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि ज्या समुद्रात नौका जात नाहीत तेथे दोर टिकतील अशी अपेक्षा धरता येत नाही. ऑक्टोबर ते मे मध्यापर्यंत चार-पाच पिके घेऊन सर्व दोर किनाऱ्यावर आणणे एवढाच मार्ग मला दिसतो. कॅपाफायकस परदेशी असून मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याची नोंद आहे, म्हणून मालवणच्या प्रवाळांचा विचार करता ग्रासिलेरियासारखी देशी जात मला अधिक योग्य वाटते.

माझी खरी अडचण प्रकाशाची आहे. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या नद्यांचा गाळ खंभातच्या आखातात येतो, भरती-ओहोटीचा जोर तेथे देशात सर्वाधिक असतो आणि पाणी सतत ढवळत राहते. शेवाळाला सूर्यप्रकाश हवा. पिपावाव आखाताच्या तोंडाशी असल्यामुळे तेथे पाणी कितपत निवळ असते, वर्षातील कोणत्या महिन्यांत असते, आणि दोर पृष्ठभागापासून किती खोलीवर ठेवावा लागेल, हे कोणी मोजले आहे का?

वाहतुकीचा हिशेबही मला जुळत नाही. ओले शेवाळ वाळल्यावर वजनाचा साधारण दहावा हिस्साच उरतो, म्हणजे दूरच्या पाण्यातून डिझेल जाळून आपण मुख्यतः पाणीच वाहून आणणार. बोंबील सुकवण्याच्या वलांडीवर आमच्या महिला ते सुकवू शकतील, पण बोंबलाचा आणि शेवाळाचा हंगाम एकच येतो आणि कोळीवाड्यांत मोकळी जागा आधीच अपुरी आहे.

नौकांच्या वाटेचा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. वरळीच्या मच्छीमारांनी आग्रह धरल्यामुळे किनारी रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधील अंतर ६० मीटरांवरून १२० मीटर करण्यात आले. ती मागणी काम सुरू होण्यापूर्वीच मान्य झाली असती तर सर्वांचाच त्रास वाचला असता. चक्क्यांमध्ये अंतर भरपूर असते, परंतु त्यांना जोडणाऱ्या वीजतारा समुद्रतळातून जातात, त्यामुळे नांगर कोठेही टाकता येत नाही. ब्रिटनमध्ये अशा क्षेत्रातून नौकांना सहसा जाता येते, बेल्जियममध्ये मनाई आहे. १२ सागरी मैलांपलीकडचे क्षेत्र केंद्राच्या अखत्यारीत येत असल्यामुळे तेथे शेवाळासाठी मच्छीमार सहकारी संस्थेला भाडेपट्टा कोण देणार आणि कोणत्या कायद्याखाली, हे मला जाणून घ्यायचे आहे.

आपल्यापैकी कोणी रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात खुल्या समुद्रात, खाडीत नव्हे, दोरावर किंवा नळीच्या आकाराच्या जाळीत शेवाळ लावून पाहिले असेल, तर कोणती जात घेतली, खोली किती होती आणि दोर कोणत्या महिन्यात तुटू लागले, एवढे तरी कृपया कळवावे. वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत या विषयावर काम करणारे कोणी वाचत असतील, तर गढूळपणाच्या मोजमापांबद्दल त्यांचे मार्गदर्शन मिळाल्यास टिपणातील तो भाग मला पूर्ण करता येईल.