हळू पळणाऱ्यांनो, इकडे लिहा (अनुभव धागा)

पळायला लागायचं म्हटलं की बहुतेकांची गोष्ट सारखीच असते. नवे बूट येतात, पहिल्याच सकाळी जीव खाऊन एक फेरी होते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना नडग्या रडवतात आणि पंधरवड्यात बूट पुन्हा खोक्यात जातात. मग ‘पळणं आपल्या प्रकृतीला मानवत नाही’ असं घरात कायमचं ठरून जातं. प्रकृतीचा यात फारसा दोष नसतो. वेग जास्त असतो, इतकंच.

म्हणून हा धागा फक्त हळू पळणाऱ्यांसाठी. किती हळू? शेजारून चालणाऱ्या काकू पुढे निघून गेल्या तरी चालेल, इतकं. जपानच्या फुकुओका विद्यापीठातले प्राध्यापक हिरोआकी तानाका यांनी ‘निको निको पेस’ (हसतमुख वेग) या नावाने जी पद्धत लोकप्रिय केली, तिचं सार थोडक्यात असं: पावलं बारीक पण भराभर, मिनिटाला सुमारे १८०; टाच आपटायची नाही, पायाच्या पुढच्या-मधल्या भागावर उतरायचं; आणि गप्पा मारता येतील एवढाच वेग. सुरुवातीला ताशी चार-पाच किलोमीटर पुष्कळ झाले.

त्याच्या बरंच आधी, १९६२ साली, न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड मध्यमवयीन माणसांना असंच सावकाश पळवत होते. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे नामवंत ट्रॅक प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांना भेटायला गेले आणि त्या मंडळींबरोबर पळायला उतरले. सत्तरीतले, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेले एक गृहस्थ त्यांच्यासाठी थांबत थांबत पळाले म्हणतात! बॉवरमननी घरी परतल्यावर यूजीन गावात सामान्य लोकांसाठी जॉगिंग सुरू केलं. हेच बॉवरमन पुढे नाइकेचे सहसंस्थापक झाले.

नव्याने सुरू केलेल्यांनी लिहा, मोठ्या खंडानंतर परतलेल्यांनी लिहा. कुठे पळता, कोण हसलं, काय बदललं, काय नाही बदललं. मेडलचे फोटो नकोत, ते इतरत्र भरपूर मिळतात.

शिक्षिका, वय ४७, पुणे

मी तळजाईला जाते. इतकी वर्षं चालायलाच जायचे. हळू पळायला लागल्यावर सगळ्यात अवघड काय गेलं असेल तर लोकांच्या नजरा. चालणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, वेगात पळणाऱ्या पोरीकडे कौतुकाने बघतात, पण पळण्याचा आविर्भाव करून चालण्याइतकंच अंतर कापणारी सलवार-कमीजमधली बाई दिसली की लोक थांबून बघतात. एका आजोबांनी तर काळजीने विचारलं, “पायाला काही झालंय का हो?”

बोलता येईल असा वेग ठेवा म्हणतात, पण मी एकटी जाते, बोलणार कोणाशी? मी गणिताची शिक्षिका, म्हणून पाढे म्हणते. सतराचा पाढा एका दमात पाच ओळींपर्यंत गेला पाहिजे. तीन ओळींतच श्वास घ्यावा लागला की वेग उतरवायचा. चढ आला की दोनच ओळी होतात, तिथे सरळ चालते. यात कमीपणा नाही, पण हे मनाला पटायला पायांपेक्षा जास्त वेळ लागला.

बदल म्हणाल तर वजन फारसं हललेलं नाही. ज्यांना त्यासाठीच सुरू करायचंय त्यांनी फार आशा धरू नये. मात्र शाळेचे तीन मजले चढून वर्गात शिरल्याबरोबर मला शिकवायला सुरुवात करता येते. आधी हजेरी घ्यायच्या निमित्ताने दम खायचे. मुलांना ते कळत होतं असं आता वाटतं.

कोल्हापूर, वय २९

आपण कबड्डीतले. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, मग पळायची परवानगी मिळाली ती या अटीवर की वेग नाही. रंकाळ्यावर सकाळी गेलो की सगळी ओळखीची पोरं. “काय भावा, बॅटरी उतरली काय?” रोज हेच. पहिले काही दिवस ती दिसली की वेग वाढायचा, आणि संध्याकाळी गुडघा सुजायचा. शेवटी अंधारातच जायला लागलो. आता उजेडात जातो. पोरं अजून बोलतातच, पण त्यातला एक परवा हळूच विचारत होता की मिनिटाला पावलं कशी मोजायची. त्याची टाच दुखायला लागलीय.

माळशिरस तालुका

हा अनुभव माझ्या सासूबाईंचा, त्या सांगतात तसा लिहिते. आत्याबाईंचं वय ६१, साखर आहे. डॉक्टर म्हणाले चाला, तर त्या आधीपासूनच शेतात दिवसभर चालतात. मी मोबाइलवर त्या जपानी पद्धतीचा व्हिडिओ दाखवला. दोन मिनिटं बघून म्हणाल्या, “ही तर पावली आहे.”

आणि खरंच! टाळ-मृदंगावर पावली खेळताना पाऊल लांब टाकत नाहीत, टाच आपटत नाहीत, गुडघा ताठ नसतो, आणि शेजारणीच्या पायावर पाय पडू नये म्हणून सगळं बारीक बारीक चालतं. आमच्याकडे वेळापूरच्या अलीकडे माउलींच्या सोहळ्यात धावा होतो, तेव्हा डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायाही पळतात. त्यांना कोणी बूट दिले नाहीत की वेग सांगितला नाही.

आत्याबाई आता कालव्याच्या कच्च्या रस्त्याने जातात, नऊवारीचा काष्टा घट्ट करून. पायात कॅनव्हासचे बूट माझ्या मुलाच्या हट्टाने आले, कारण साखरेच्या पायाला जखम झालेली कळत नाही. परत आल्यावर पाय धुऊन, पुसून, तळवे आरशात बघायचे, हा नियम डॉक्टरांचा. सोबत खडीसाखरेची पुडी असते. औषध घेऊन उपाशीपोटी निघाल्यावर एकदा हातपाय थरथरले होते, तेव्हापासून चार शेंगदाणे आणि अर्धं केळं खाल्ल्याशिवाय आम्ही त्यांना सोडत नाही. साखर पूर्वीपेक्षा आटोक्यात आहे, पण गोळ्या चालू आहेत. कोणी गोळ्या बंद करायला सांगितलं तर ऐकू नका.

ठाणे

सगळ्यांचा आदर राखून विचारतो. ताशी पाच किलोमीटरच जायचं असेल तर चालतच का नाही? मी उपवन तलावाला रोज भरभर चालतो आणि तुमच्यासारख्यांना मागे टाकतो. हे नाव बदलून चालणंच विकण्यासारखं वाटतं.

फिजिओथेरपिस्ट, नाशिक

काका, प्रश्न रास्त आहे. चालताना पाय बऱ्यापैकी सरळ राहतो, अंग त्याच्यावरून पुढे झुलतं आणि त्यात ऊर्जा वाचते. पळताना, कितीही हळू असो, गुडघा वाकलेला राहतो आणि प्रत्येक पावलाला अंग वर उचलून पुन्हा झेलावं लागतं. त्यामुळे एकाच संथ वेगाने चालणं आणि पळणं यात पळण्याला बरीच जास्त ऊर्जा लागते. ताशी सात-साडेसात किलोमीटरच्या आसपास गणित फिरतं, तिथे चालणंच जड होतं आणि माणूस आपोआप पळू लागतो. तुम्ही भरभर चालता तेव्हा तुमचाही व्यायाम उत्तमच होतो. ज्यांना तेवढं भरभर चालताना कंबर किंवा नडगीचा पुढचा भाग भरून येतो, त्यांना बारीक पावलांचं पळणं सोपं जातं. दोन्हींत भांडण लावायचं कारण नाही.

वरच्या कबड्डीवाल्या दादांसाठी: दम आणि पाय एका गतीने तयार होत नाहीत. दम काही आठवड्यांत सुधारलेला जाणवतो, पण कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि हाडं यांना भार सोसायची सवय व्हायला कित्येक महिने लागतात. दम पुरतोय म्हणून वेग वाढवला की टाच, पोटरी किंवा नडगी तक्रार करते. माझ्याकडे येणारे नवे धावपटू बहुतेक याच टप्प्यावरचे असतात. आणखी एक, पुढच्या भागावर उतरायचं म्हणजे चवड्यांवर नाचायचं नव्हे. टाच हलकेच टेकू द्या, नाहीतर पोटऱ्या दगड होतात.

‘पळून गुडघे झिजतात’ हे तर रोजच ऐकते. २०१७ साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात हौसेने पळणाऱ्यांमध्ये गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये १३.३ टक्के निघालं. यावरून पळण्याने गुडघे बरे होतात असं म्हणता येणार नाही, कारण ज्यांचे गुडघे दुखतात ते पळणं सोडतातही. पण झीज आधीच असेल तर तपासून घ्या, आणि नसेल तर भीतीने बसून राहू नका.

ठाणे

पटलं. अर्धं. उद्या शेवटची एक फेरी पळून बघतो.

निवृत्त बँक कर्मचारी, वय ६८, शिवाजी पार्क, मुंबई

हळू पळताना हृदयाचे ठोके किती असावेत याचं तानाकांचं एक सूत्र आहे, १३८ वजा वयाचं अर्धं. म्हणजे माझे मिनिटाला १०४ ठोके. मुलाने घड्याळ घेऊन दिलं, मी रोज आकडा बघत पळायचो आणि १०४ कधी व्हायचेच नाहीत. आकडा वाढावा म्हणून वेग वाढवत गेलो. डॉक्टरांनी कान उपटले. रक्तदाबासाठी मला बीटा ब्लॉकर गोळी चालू आहे. तिने ठोके मुळातच कमी राहतात, त्यामुळे माझ्यासारख्यांना हे सूत्र लागूच नाही. आता घड्याळ घरी ठेवतो आणि मित्राशी महागाईवर बोलत पळतो. विषय असा आहे की दोन फेऱ्यांत संपत नाही.

नागपूर

उन्हाळ्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पहाटे पाचलासुद्धा हवा गरमच. अंग गार ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, म्हणून त्याच वेगाला हृदय जास्त धडधडतं. जानेवारीत जो वेग गप्पांचा होता, तो मेमध्ये धापेचा होतो. बेट्या, आपली ताकद गेली असं समजून घाबरू नको, आणखी हळू हो. मी अंबाझरीला जातो, पाण्यात चिमूटभर मीठ-साखर घालून बाटली सोबत ठेवतो. चक्कर किंवा मळमळ वाटली की त्या दिवशी तिथेच थांबायचं, पुढच्या झाडापर्यंतसुद्धा जायचं नाही.

पणजी

आमका पाऊस! मिरामारच्या फुटपाथावर जूनपासून शेवाळ. बारीक पावलांचा खरा फायदा तिथे कळतो, घसरलं तरी तोल जात नाही. बाकी माझं सांगण्यासारखं काही नाही, मजा येते म्हणून पळते.

रेडिंग, इंग्लंड

लग्नाआधी मी बऱ्यापैकी वेगात पळायचे. बाळ झाल्यावर सहा आठवड्यांनी तपासणी झाली, ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले आणि मी पळायचे बूट कपाटातून बाहेर काढले. नशिबाने आमच्या इथल्या फिजिओने अडवलं. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना सांगतात की बाळंतपणानंतर तीन महिने तरी पळू नये, आणि त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासून मगच. शिंकताना किंवा पळताना लघवी थेंबभर सुटणं, खाली जड वाटणं, याबद्दल आपल्याकडच्या बायका बोलतच नाहीत. ‘बाळंतपणानंतर होतंच’ म्हणून सोडून देतात. होतं हे खरं, पण त्यावर उपचारही असतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती गप्प झाली आणि म्हणाली, “मला तीस वर्षं तेच होतंय.” तिला मी इथून पुण्यातल्या एका फिजिओची वेळ घेऊन दिली.

मी परत सुरू केलं ते पार्करन या सगळ्यांनी मिळून पळायच्या उपक्रमात. शनिवारी सकाळी नऊला, पाच किलोमीटर, फुकट. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये हे सुरू झालं. तिथे टेल वॉकर नावाचा स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या शेवटी येतो, म्हणून तुमचा नंबर कधीच शेवटचा लागत नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माझ्याकडून पुरणपोळी.

निशिकासाई, तोक्यो

राजवाड्याभोवतीची फेरी पाच किलोमीटरची, सगळे घड्याळाच्या उलट दिशेने पळतात. तिथे वेगवान लोकांच्या झुंबडीत मी बुजायचो. मग कामानिमित्त फुकुओकाला गेलो. ओहोरी पार्कच्या तळ्याभोवती दोन किलोमीटरची वाट आहे, तिथे सत्तरी-पंचाहत्तरीचे लोक माझ्या चालण्यापेक्षा हळू पळताना पाहिले. टोपी, हातमोजे, सगळा सरंजाम. एकमेकांशी अखंड बोलणं चालू. कोणी कोणाला ओलांडायची घाई नाही. आपल्याकडे तेवढ्या वयाचा माणूस पळाला की घरचे आधी सुनेला फोन करतील.

सांगली

वेगळा सूर लावतो. मला नाही जमलं. दुखलं-खुपलं काही नाही, कंटाळा आला. माझा स्वभाव घाम फुटेपर्यंत काही केल्याशिवाय बरं न वाटणारा. मी पोहायला लागलो आणि तिथे खूश आहे. हळू पळणं प्रत्येकाला आवडलंच पाहिजे असा आग्रह नसावा, म्हणून लिहिलं.

लातूर, वय २२

मला सुरू करायचंय पण आमच्या गल्लीत कुत्री फार आहेत, पळणारं कोणी दिसलं की मागे लागतात. मैदान लांब आहे आणि पहाटे एकटीला घरचे सोडत नाहीत. गच्चीवर पळलं तर चालेल का?

शिक्षिका, पुणे

चालेल गं. या वेगाला जागा फार लागत नाही. पावसाळ्यात मी सोसायटीच्या पार्किंगमध्येच पळते. दर पाच मिनिटांनी फेरीची दिशा बदल, नाहीतर वळणाचा सगळा भार एकाच पायावर येतो. सुरुवातीला एक मिनिट पळायचं, एक मिनिट चालायचं, असं दहा मिनिटं केलं तरी पुरे.

फिजिओथेरपिस्ट, नाशिक

आणि सिमेंटवर अनवाणी नको. साधे, मागून न घासणारे बूट चालतील, महागडे लागत नाहीत.

लातूर, वय २२

बूट आहेत कॉलेजचे. खालच्या मजल्यावर घरमालक आजी असतात, धपधप आवाज जाईल का ते आज विचारते.

माळशिरस तालुका

आत्याबाई म्हणतात, आवाज येत असेल तर पाऊल अजून लांब पडतंय.