शब्दचर्चा : ‘सेवा’ कशाला म्हणायचं?

प्रश्न (अमळनेर)
आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारी उपासनेआधी फळ्यावर ‘आजची सेवा’ असं लिहून खाली नावं येतात. देवाचं वचन कोण सांगणार, गीतं कोण घेणार, प्रार्थना कोण करणार. एक मावशी मात्र सगळ्यांच्या आधी येऊन झाडून घेतात, सतरंज्या अंथरतात, दोन्ही माठ घासून भरतात, त्यांच्या तोंडाला फडकं बांधतात. मागच्या रविवारी मी म्हटलं, मावशी, तुमचं नाव फळ्यावर लिहू का? तर म्हणाल्या, “मी कसानी सेवा करस भाऊ, मी ते निस्तं पानी भरस.” तेव्हापासून मनात घोळतंय. ‘सेवा’ या शब्दातून पाणी भरणं बाहेर कधी पडलं? मुळात ते त्यात होतं का?

उत्तर (जळगाव)
होतं, आणि आधी तेच होतं. संस्कृत ‘सेव्’ धातूत जवळ राहणं, लागून असणं हा अर्थ आहे. औषधाचं ‘सेवन’ त्याच धातूतलं. बायबलच्या नव्या करारात आपण जिथे ‘सेवा’ वाचतो तिथे बऱ्याच ठिकाणी ग्रीक शब्द आहे ‘डायाकोनिया’, आणि ती करणारा ‘डायाकोनोस’. आपल्याकडचा ‘डीकन’, म्हणजे मंडळीचा नेमलेला सेवक, हा शब्द त्यातूनच आला. रोजच्या ग्रीक बोलण्यात हा शब्द जेवायला वाढणाऱ्यालाही लागायचा. येशूचा शिष्य पेत्र याच्या सासूचा ताप उतरला आणि ती उठून त्यांची सेवा करू लागली (मार्क १:३१), तिथे याच शब्दाचं क्रियापद आहे. ती काही प्रवचन देत नव्हती, घरी आलेल्यांचं जेवणखाण बघत होती.

पण खरी गंमत ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय ६ मध्ये आहे. पहिल्या वचनात विधवांना रोज होणारं वाटप म्हणजे डायाकोनिया. दुसऱ्यात पंगतीत वाढण्याला त्याचंच क्रियापद. चौथ्यात प्रेषित, म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य, म्हणतात, आम्ही वचनाच्या सेवेत राहू, आणि तिथेही डायाकोनियाच! भाकरी वाढणं आणि वचन सांगणं, दोन्हींना एकच शब्द. फळ्यावर त्यातला अर्धाच उतरला. वाढण्यासाठी जे ७ जण निवडले त्यांत पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन होता, हेही त्या मावशींना जरूर सांगा.

उत्तर (धुळे)
‘दास’ मात्र निराळा. मार्क १०:४३-४४ मध्ये दोन्ही शब्द लागोपाठ येतात : मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावं, पहिला होऊ पाहतो त्याने सर्वांचा दास. ‘दास’साठी ग्रीक शब्द ‘डूलोस’, म्हणजे गुलाम. आपल्याकडचा सालदार आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) साल ठरवतो, पुढच्या आखाजीला मोकळा होतो, पटलं नाही तर दुसरा मळा धरतो. डूलोसला आखाजीच नाही. म्हणून ख्रिस्ताने दासाचं रूप घेतलं (फिलिप्पै २:७) हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

उत्तर (नवापूर)
‘परिचारिका’ही याच घरातला शब्द. परि + चर, भोवती वावरणारी. माझी आई चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात होती. रात्री भांडं देणाऱ्या बाईंना सगळा वॉर्ड मावशीच म्हणायचा. त्यांनी कोमट पाण्यात फडकं पिळून आईचे पाय पुसले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. योहान १३ मध्ये येशू शिष्यांचे पाय धुऊन पुसतो, तो कमरेचा रुमाल मला त्या रात्री समजला.

उत्तर (पारोळा)
सगळं पटलं, पण एक सांगते दादा. शब्द मोठा करून काम त्याच बाईच्या अंगावर ठेवू नका. नाताळच्या जेवणाला आम्ही बाया मागे चुलीवर भाकरी टाकत असतो, संदेश भिंतीपलीकडून ऐकतो, आणि वर कोणीतरी येऊन सांगतं, ही तुमची सेवा. कृत्ये ६ मध्ये विधवांना वाटपात डावललं जातं अशी तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी धीर धरा असं सांगितलं नाही. माणसं नेमली.

प्रश्नकर्ता (अमळनेर)
ताई, तुमचं वाचून गप्प झालो. पाळकसाहेबांना कृत्ये ६ दाखवलं, त्यांनी शब्द स्वतः पडताळून पाहिला. काल फळ्यावर चौथी ओळ आली, ‘पाणी व सतरंज्या’. मावशींचं नाव, त्याखाली माझं. सकाळी माठ घासायला मी साबण घेऊन गेलो, तर मावशींनी तो बाजूला ठेवला आणि हातात नारळाची शेंडी दिली. “साबन लावू नको भाऊ, पानीले वास येस.”