कावळ्याएवढा काळा सुतार पक्षी: ही मादी असेल का?

मदत हवी आहे. आज सकाळी सह्याद्रीतल्या सदाहरित जंगलात वाळक्या झाडावर जोरात ठकठक ऐकू आली. वर पाहिलं तर कावळ्याएवढा, काळाभोर सुतार! लाल रंग फक्त डोक्याच्या मागच्या बाजूला. कपाळ, गाल काळेच. उडताना कमरेवर पांढरं चमकलं. पोट मात्र दिसलंच नाही, सगळा वेळ खोडाला चिकटून होता. सोनपाठी (सोनेरी पाठीचा सुतार) नक्की नव्हे.

पांढऱ्या पोटाचा मोठा सुतार असावा. त्याच्या नराचं कपाळही लाल असतं आणि गालावर लाल पट्टा असतो, म्हणजे ही मादी ना? खोडाला खोल, ताजी भोकं आहेत, बुंध्याशी ढलप्यांचा सडा पडलाय. किडे शोधणं आणि घरट्यासाठी ढोली कोरणं, यातला फरक लांबून कसा ओळखायचा? घरटं असेल तर मी तिकडे फिरकणार नाही.