भारूडसाहेबांचं पुस्तक सातवीतल्या मुलाला झेपेल?

बंदरकर: भाचा वेंगुर्ल्याला, सातवीत. भावोजी दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, ताई मासळी विकते. पोरगा म्हणतो, शिकून काय करू? डॉ. राजेंद्र भारूड यांचं ‘मी एक स्वप्न पाहिलं’ द्यावं म्हणतोय.

शिक्षिका_सावंतवाडी: जरूर द्या. धुळे जिल्ह्यातल्या सामोड्याचा भिल्ल मुलगा, वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकायची. तिथून अक्कलकुव्याचं नवोदय (केंद्र सरकारची निवासी शाळा), मुंबईत एमबीबीएस, २०१३च्या तुकडीत आयएएस. पुढे नंदुरबारचे जिल्हाधिकारी असताना कोरोनात ऑक्सिजन प्लांट उभारले. पण मला मोठी वाटते ती गोष्ट वेगळी: आईचा धंदा त्यांनी कधी लपवला नाही. मासळीच्या वासावरून चिडवल्या जाणाऱ्या माझ्या वर्गातल्या पोरांना हेच हवं असतं.

दर्यावर्दी: पुस्तक द्याच, पन एकट्याक वाचूक देव नको. ताईक सांग, रोज थोडा त्याच्याकडसून मोठ्यान वाचून घे. आवशीन ऐकूक व्हया ह्या.

बंदरकर: ताईला आजच सांगतो. धाकटी भाची पाचवीत आहे, तिचं काय?

शिक्षिका_सावंतवाडी: मग नवोदयचा फॉर्म भराच, दादा! परीक्षा पाचवीतच असते, प्रवेश सहावीला. आपल्या जिल्ह्याचं नवोदय सांगेलीला आहे, राहणं-जेवण मोफत. अडलं तर मला मेसेज करा.