अनुभव धागा: फाल्गुन-चैत्रात उमलणारे कंद आणि गोव्यातील आपली परसबाग

थंड देशांत बर्फ वितळू लागताच क्रोकस आणि ट्यूलिप जमिनीतून डोके वर काढतात. आपल्याकडे शिगम्याचे ढोल वाजू लागतात त्या सुमारास ॲमरिलिसचा दांडा वर येतो आणि पाठोपाठ भुईचाफा फुलतो. त्यांच्या कंदांनाही विश्रांती लागते, मात्र ती थंडीची नसून कोरडेपणाची असते. परसात, बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) किंवा गच्चीवर ज्यांनी असे कंद जोपासले आहेत, त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. सुरुवात मी करते.

पर्वरी
माझ्या ॲमरिलिसला सलग तीन वर्षे हिरवीगार पाने आली, परंतु फूल एकही आले नाही. मी बाराही महिने पाणी घालत होते आणि कुंड्या आंब्याच्या दाट सावलीत होत्या. शेजारच्या काकींनी ते पाहून सांगितले, "दिवाळी झाली की पाणी तोड, कांद्याला झोपू दे." तेव्हापासून दिवाळीनंतर मी पाणी कमी करत नेते, पाने पिवळी पडली की कुंड्या पडवीत कोरड्या ठेवते आणि दीडदोन महिन्यांनी वरची माती काढून शेणखत घालून एकदाच भरपूर पाणी देते. मग कांद्याच्या, म्हणजे ॲमरिलिसच्या कंदाच्या, मानेलगत चपटी, चोचीसारखी कळी दिसू लागते, आणि तो दिवस मला सणासारखा वाटतो. कांद्याचा वरचा तिसरा भाग मातीबाहेर ठेवावा. फुले सुकल्यावर दांडा कापावा, पाने मात्र कापू नयेत, कारण पुढच्या वर्षीच्या कळीचे अन्न तीच पाने साठवतात.

सावईवेरे
आमच्या कुळागरात (पोफळींच्या बागेत) भुईचाफा माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो आले-हळदीच्या कुळातला असून जमिनीखाली असतो तो गड्डा, कांदा नव्हे. तरीही या धाग्यात त्याचा मान पहिला, असे मला वाटते. हिवाळ्यात पाने पूर्ण नाहीशी होतात आणि चैत्रात उघड्या मातीतून, एकही पान नसताना, पांढरी-जांभळी सुगंधी फुले थेट भुईला टेकून उमलतात. एकेक फूल फार टिकत नाही, पण रोज सकाळी त्याच जागी नवे दिसते. पाने नसताना जागा ओळखू येत नाही, म्हणून सासूबाई त्याभोवती करवंट्या उपड्या पुरून ठेवत. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी मी करवंट्या काढून टाकल्या आणि पोफळींना आळी करताना गड्ड्यांचे कुदळीने तुकडे झाले. मी रडतच ते गोळा करून पुन्हा लावले. पावसाळ्यात बहुतेक सगळे फुटले, आणि आता करवंट्यांचे कडे पूर्वीपेक्षा मोठे आहे.

मडगाव
मी सदनिकेत राहतो. श्रीनगरच्या ट्यूलिप बागेतून परतल्यावर हट्टाने ट्यूलिपचे कंद मागवले. त्यांना सुमारे १२ ते १६ आठवडे थंडी मिळावी लागते आणि आपल्याकडे जानेवारीची पहाटसुद्धा तेवढी गार नसते, म्हणून ते फ्रिजमध्ये ठेवले. पहिल्या वर्षी शेजारीच पिकलेले चिकू होते. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे आतली कळी मरते, हे मला नंतर कळले. दुसऱ्या वर्षी फळे दूर ठेवली, तेव्हा एक लाल फूल अगदी आखूड देठावर उमलले आणि चार दिवसांत उकाड्याने गळाले. ते चारही दिवस मी कार्यालयातून लवकर घरी आलो. पण तो कंद पुन्हा फुलला नाही. पर्वरीच्या ताईंची पद्धत वाचून यंदा मी ॲमरिलिसचे दोन कांदे लावले आहेत.

वाळपई
आमच्या सत्तरी तालुक्यातला पाऊस ॲमरिलिससारख्या कांद्यांचा खरा शत्रू आहे. जांभ्याची चिकट माती पाणी धरून ठेवते आणि आषाढात कांदे मानेपाशी सडतात. म्हणून मी वाळू आणि जांभ्याची खडी मिसळून वीतभर उंच वरंबा केला, तेव्हापासून सड जवळजवळ थांबली. दुसरा त्रास काळ्या सुरवंटांचा. अंगावर पांढरे-नारिंगी ठिपके असलेले हे सुरवंट एका रात्रीत पाने फस्त करतात आणि कांद्याच्या मानेतही शिरतात. सकाळी हाताने वेचणे हाच माझा उपाय आहे. हे कांदे विषारी असतात, म्हणून काढल्यावर स्वयंपाकघरातील कांद्यांजवळ कधीही ठेवू नयेत.

काणकोण
माझ्याकडे फक्त फुटबॉल लिली आहे आणि ती सगळ्यांत उशिरा, वळवाची पहिली सर पडल्यावर येते. शंभराहून अधिक बारीक फुलांचा तो लाल गोळा तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी उभा राहिला की आई पावसाची बेगमी काढायला घेते. यंदा कांद्यांना पुष्कळ पिल्ले सुटली आहेत. सावईवेरेच्या वहिनींनी भुईचाफ्याचा एक गड्डा दिल्यास मी त्यांना तीन पिल्ले पोहोचती करीन.