'पारधी' : कोशातला आणि आपल्या तोंडातला

बाई_चांदूरबाजार : चौथीच्या वर्गात एक कहाणी वाचून दाखवत होते. 'राजा पारधीला गेला' म्हटलं तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, राजा चोऱ्या करे का?" वर्गात कोणी हसलं नाही, म्हणजे बाकीच्यांनाही तसंच वाटलं असावं. पारध म्हणजे शिकार, एवढं सांगून मोकळी झाले. पण 'पारधी'ला चोर हा दुसरा अर्थ चिकटला कुठून? कोशात आहे का?

कोशकीडा : शब्द जुना आहे. संस्कृत 'पापर्द्धि' म्हणजे शिकार, प्राकृतात 'पारद्धि', तिथून आपली 'पारध'. सुरुवातीचं 'पाप' पाहून कोणी उड्या मारू नये, ही शिकार राजेलोकही करत. पारध करणारा तो पारधी, फासे लावणारा फासेपारधी, चित्ता शिकवून त्याच्याकडून शिकार करवणारा चित्तापारधी. धंद्यावरून पडलेली नावं, सुतार-लोहारासारखी. चोरी यात कुठेच बसत नाही. गंमत म्हणजे 'पारध' अजूनही राजेशाही थाटात आहे, बदनाम झाला तो 'पारधी'.

दर्यापूरचा : कोशात नसन, आमच्या घरात होता. जेवलो नाई का आजी म्हणे, "थांब, पारध्याले देऊन टाकीन तुले." आंगणातला गडवा दिसला नाई तं पहिलं बोट बेड्याकडे, म्हंजे पारध्यायच्या वस्तीकडे. अन् बाजाराच्या दिवशी आमचे आबाजी लावे-तितर घ्यायले त्यायलेच हुडकत फिरत. टोपलीवरचं फडकं उचलून एकेक पाखरू हातात तोलून पाहत, भाव पाडून मागत, अन् घरी आल्यावर दाराले कडी. शाळेत जाईस्तोवर मले पारधी म्हंजे भुतासारखं काईतरी असते असंच वाटे.

नोंदवही : आजीला दोष देऊन भागणार नाही, या अर्थावर सरकारी शिक्का आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात होता, १९११ च्या नव्या कायद्याने इकडच्या मुलखालाही लागू करता आला. ज्या जमातीचं नाव यादीत चढलं तिच्यातलं पोर जन्मतःच संशयित. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायला परवाना. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा रद्द झाला, म्हणून 'विमुक्त' हा शब्द. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला, त्यात पारधही बेकायदा ठरली. धंदा गेला, नाव राहिलं, आणि रिकाम्या झालेल्या नावात आपण जुना संशय भरला.

आता तो भरायचं काम पेपर आणि मोबाइल करतात. 'टोळी' हा शब्द घ्या. वरुड-मोर्शीकडे संत्रा तोडायला टोळीच येते, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. तीच टोळी 'पारध्यांची' म्हणून छापली की वाचणारा रात्री लाठी घेऊन बसतो.

शंकेखोर : हे सारं बरोबर. पण आमच्या शिवारातली पाण्याची मोटार चोरीले गेली तवा धरलेले तिघंही बेड्यावरचेच होते. ते बी लिहा ना.

नोंदवही : लिहा की, त्या तिघांची नावं लिहा. कापसाचे पैसे बुडवून एखादा व्यापारी पळतो, तेव्हा मथळ्यात त्याची जात वाचलीय का कधी? तिथे 'व्यापारी फरार' एवढंच असतं. आणि गाडी तपासताना आधी कोणाला उतरवतात हे एसटीने फिरणाऱ्याला सांगावं लागत नाही. जिथे रोज झडती, तिथे सापडणारे जास्त.

कोशकीडा : याच्या जोडीला 'सराईत' पाहा. सराईत हात, सराईत कारागीर, म्हणजे कसलेला. बातमीत मात्र तो गुन्हेगारालाच बांधून टाकलाय. तुरुंगांच्या नियमावल्यांतही विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणारी कलमं होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. म्हणजे १९५२ नंतरही बहात्तर वर्षं!

बाई_चांदूरबाजार : माझ्या वर्गात बेड्यावरची दोन मुलं आहेत, हे आधी लिहिलं नव्हतं. तो प्रश्न आला तेव्हा त्यातली एक मुलगी वही खाली पडल्यासारखं करून बाकाखाली वाकली. 'बेडा' म्हणणंही टोचतं का?

दर्यापूरचा : आमच्या इकडे ते लोकही बेडाच म्हणतात. पण त्या बेड्याचं काई नाव असन नं बाई, तेच घेत जा. अन् पोरीले विचारा, लावा कसा धरतात. तिच्या आज्याले नक्की माहीत असन.